बेबीचे सोंडकिडे आणि टोपीवरचं रान

माझ्या नणंदेचं वय पन्नाशीला टेकलं तरी घरात आणि गल्लीत ती बेबीच होती. कॉलेजात मुलं मॅडम म्हणायची, नावापुढे डॉक्टर लागायचं, पण कोपऱ्यावरचा भाजीवाला "बेबीताई, आज पालक कोवळा आहे" असंच ओरडायचा आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. तिने लग्न केलं नव्हतं. का, ते कधी कुणाला सांगितलं नाही. एकदोघींनी खोदून विचारलं तेव्हा "राहून गेलं" एवढंच म्हणाली, जणू दुकानातून काडेपेटी आणायची राहून गेली होती.

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा मला आधीच सांगून ठेवलं होतं की नणंद जरा वेगळी आहे. वेगळी म्हणजे काय, ते पहिल्याच आठवड्यात कळलं. फ्रिजमधून बर्फ काढायला गेले तर हाताला एक डबा लागला. डब्यात बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या बाटल्या आणि प्रत्येकीत स्पिरिटमध्ये बुडालेला एक काळा किडा. मी किंचाळले नाही, पण डबा हातातून सुटला. बेबी जिन्यावरून धावत आली. आधी सगळ्या बाटल्या धड आहेत ना ते पाहिलं, मग मला म्हणाली, "वहिनी, तुला लागलं नाही ना?" क्रम पुढेही तोच राहिला, आधी किडे आणि मग माणसं. पण माणसांना ती विसरायची नाही, हेही तितकंच खरं.

ते किडे सोंडकिडे होते. तांदळात होतात त्यांचे भाऊबंद, फक्त रानात राहणारे. यावर माझ्या सासूबाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं आणि ते आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकावं लागायचं. "मी जन्मभर धान्यातले सोंडे निवडून फेकले, आणि माझ्याच पोटची पोरगी सोंडे शोधायला रान तुडवते."

बेबीच्या सोंडकिड्यांना उडता येत नाही. पाठीवरची दोन झाकणं मधोमध चिकटलेली असतात आणि खाली पंखच नसतात. मी कपडे शिवते. शाळेचे गणवेश, दवाखान्याचे झगे, पडदे, असं सगळं. त्यामुळे मला ते लगेच कळलं, चेन बसवायच्या जागी कुणी सरळ शिवण मारून टाकावी तसं. हा किडा ओल्या पाचोळ्यात जन्मतो, तिथेच जगतो, तिथेच मरतो. उन्हात ठेवला तर वाळून जातो. रानाच्या कडेला गवताळ माळ लागला की त्याचं जग संपलं.

"मग एवढ्या घरकोंबड्या किड्याचं करायचं काय?" मी एकदा विचारलं. मी भाजी चिरत होते, सासूबाई लसूण सोलत होत्या आणि बेबी मदत करते असं म्हणत नुसतीच उभी होती.

"घरकोंबडा आहे म्हणूनच कामाचा," ती म्हणाली. "हजारो वर्षांपूर्वी हिमयुग होतं. आपल्याकडे बर्फ नव्हता, पण गारठा होता आणि पाऊस आटला होता. रानं मेली, सगळीकडे गवत झालं. कुठेकुठे ओल टिकली तिथे रान तगलं, आणि हवा सुधारल्यावर तिथूनच पुन्हा पसरलं. आता प्रश्न असा की तगलं ते कुठलं आणि नंतर पसरलं ते कुठलं? झाडांकडे बघून कळत नाही. दोन्ही सारखीच हिरवी."

"मग किडा सांगतो?"

"बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात ना, आई? पण ती कुठे? जिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिली तिथे. नव्या वसाहतीत गेलीस तर सगळे एकच बोलतात, कारण सगळे कालच एका ठिकाणाहून आलेले. किड्यांचं तसंच. त्यांची भाषा म्हणजे त्यांचा डीएनए. एका रानातले सगळे किडे सारखे निघाले तर रान नवं. या ओढ्यातला आणि त्या ओढ्यातला किडा एकमेकांना ओळख देत नसेल, तर ते रान फार जुनं. मध्ये कधी तुटलंच नाही."

सासूबाईंनी लसणाची पाकळी खाली ठेवली. "म्हणजे भाऊबंदकी जितकी जुनी तितकं घराणं जुनं."

"अगदी बरोबर," बेबी म्हणाली. पुढे ती वर्गातही असंच शिकवायला लागली.

या विषयात शेवटचा शब्द मोठ्या सरांचा होता. मोठे सर म्हणजे बेबीचे गुरू. त्यांच्या हाताखाली तिने डॉक्टरेट केली होती. त्यांचं मत असं की हिमयुगात फक्त दक्षिणेच्या मोठ्या डोंगररांगेत रान टिकलं. बाकी सगळी रानं अलीकडची. त्यांचं पुस्तक कॉलेजाकॉलेजात होतं आणि बेबीही तेच शिकवायची. तिला त्यांना खोटं पाडायचं नव्हतं. त्यांचंच म्हणणं किड्यांकडून वदवून घ्यावं, एवढाच तिचा बेत होता.

घोळ केला टोपीने. टोपी म्हणजे उत्तरेकडचा एक डोंगर. चारी बाजूंनी टकलासारखे गवताळ उतार आणि वर डोक्यावर बसवल्यासारखं छोटं, दाट रान. चालणाऱ्याने मनावर घेतलं तर दिवसभरात त्याला वळसा घालून येईल. बेबी तिथे सुट्ट्यांमध्ये जायची, बाटल्या भरून आणायची आणि शहरातल्या लॅबला पाठवायची. तिची अपेक्षा होती की टोपीवरचे सगळे किडे एका साच्यातले निघतील. निघालं उलटंच. टोपीवरच्या एका घळीतला किडा शेजारच्या घळीतल्या किड्यापासून इतका वेगळा, की दक्षिणेच्या अख्ख्या रांगेत तेवढा फरक सापडला नव्हता.

लॅबवाल्याने फोनवर स्पष्टच सांगितलं, "मॅडम, तुमचे नमुने मिसळलेत. वेगवेगळ्या डोंगरांचे किडे एकत्र झालेत."

बेबी मोठ्या सरांकडे गेली. तेही तेच म्हणाले, पण मायेने. "अगं, होतं असं. रानात पाऊस, अंधार, घाई. पिशव्या बदलल्या असतील. मनाला लावून घेऊ नकोस."

ती घरी आली, जेवली, ताट उचललं. मला वाटलं, आता रडेल किंवा चिडेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या शिवणयंत्राशी येऊन उभी राहिली.

"वहिनी, तुझ्याकडे उरलेली कापडं आहेत का? वेगवेगळ्या रंगांची?"

"आहेत की. कशाला?"

"मला पिशव्या शिवून दे. प्रत्येक घळीला एक रंग. आंधळ्यालाही बदलता येणार नाही असं कर."

मी हसले. "आंधळ्याला रंग कसा कळेल?"

तीही हसली. "मग आंधळ्यासाठी वेगळी बटणं लाव."

आणि मी खरंच लावली. गणवेशाच्या कापडाची निळी, पडद्याची तपकिरी, दवाखान्याच्या झग्याची हिरवी आणि एका जुन्या चादरीची पांढरी. निळीला गोल बटण, तपकिरीला चौकोनी, हिरवीला हूक, पांढरीला नाडी. प्रत्येक पिशवी लांब, बाहीसारखी, मध्ये तारेची चाळणी बसवलेली. वरून पाचोळा भरायचा, हलवायचं, बारीक चुरा आणि किडे खाली जमतात. लांबी-रुंदी तिने सांगितली, शिवण माझी दुहेरी.

मग म्हणाली, "आता तूही चल."

"मी? मला झुरळ दिसलं तर मी खुर्चीवर चढते."

"म्हणूनच. मी एकटीने आणले तर पुन्हा म्हणतील मिसळलं. तुला कुठला किडा कुठे निघायला हवा तेच माहीत नाही. तू बाटल्या बंद करायच्या, तूच रंग लिहायचा. लॅबला फक्त रंग कळवायचे. कुठला रंग कुठली घळ, ते निकाल आल्यावर सांगायचं."

माझा नवरा तिचा सख्खा भाऊ, पण त्याने ना आम्हाला अडवलं, ना सोबत यायचं म्हटलं. "दोघी जा," एवढंच म्हणाला, आणि आम्ही नसताना आईला दोन वेळा काय खायला घालायचं त्याचा विचार करत बसला.

टोपी चढताना माझा जीव निघाला. गवताच्या उतारावर सावलीचं नाव नाही. बेबी पुढे झपाझप चालत होती. ती घरात मंद, रस्त्यात मंद, पण डोंगरावर गेली की तिच्या पायाला चाकं लागायची. मग एकदम गवत संपलं. दार उघडून गार खोलीत शिरावं तसं आम्ही रानात शिरलो. खाली पाचोळा इतका जाड की पाऊल गादीवर पडल्यासारखं आत जायचं. पाण्याचा आवाज येत होता, पाणी दिसत नव्हतं.

पहिल्या घळीत तिने निळी पिशवी भरली आणि माझ्या हातात दिली. चाळणं मला कुणी शिकवायला नको. मी पिशवी अशी हलवली की बेबी बघत राहिली. मग खालचा चुरा पांढऱ्या कापडावर पसरला.

"यात कुठे आहे?" मी विचारलं. मला नुसती माती, काड्या आणि कुजलेली पानं दिसत होती.

"थांब. मेल्याचं सोंग घेतो तो. धक्का लागला की पाय पोटाशी घेऊन पडतो."

"सोंडही त्याची, सोंगही त्याचंच."

"बघत राहा. हलवू नकोस."

आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून राहिलो. माझ्या पोटरीला जळू चिकटली होती, ते मला नंतर कळलं. बऱ्याच वेळाने मातीच्या एका कणाला पाय फुटले. तो कण उठला, सोंड वर केली, इकडेतिकडे पाहिलं आणि कापडाच्या कडेकडे अगदी सावकाश चालू लागला. मला किळस आली नाही. मी वाकून त्याच्यापुढे बोट धरलं आणि तो बोटावर चढला.

"हा कसा चालला बघ, जसं काही याच्या बापाचं रान," मी म्हणाले.

"असेलही," बेबी म्हणाली.

चारही घळी आम्ही पालथ्या घातल्या. एका ठिकाणी मी घसरून ओढ्यात बसले तेव्हा बेबीने आधी "पिशवी कोरडी आहे का" विचारलं. मी पिशवी डोक्यावर धरून बसलेली होते. तिने ते पाहिलं आणि हसत हसत तीही पाण्यात बसली. त्या दिवसापर्यंत आम्ही नणंद-भावजय होतो, चांगल्या होतो, पण अंतर राखून. डोंगर उतरताना ते अंतर कुठेतरी वरच राहिलं.

बाटल्यांवर मी रंग लिहिले, टोपणं घट्ट केली, खोका कापडात शिवून टाकला आणि तो लॅबला गेला. निकाल आला तो फोनवर. बेबीने माझ्यासाठी स्पीकर चालू केला.

"मॅडम," लॅबवाला म्हणाला, "हे काय आणलंत तुम्ही? निळे सगळे निळ्यांशी जुळतात, तपकिरी तपकिऱ्यांशी. एकही इकडचा तिकडे नाही. पण निळा आणि तपकिरी एकमेकांपासून इतके लांब गेलेत की हिमयुगाच्या कितीतरी आधी वेगळे झाले असणार. हे कुठल्या कुठल्या देशांतले आहेत?"

"एकाच डोंगरावरचे," बेबी म्हणाली. "एका घळीतून दुसरीत चहा गार व्हायच्या आत पोचता."

तिकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "आधीचं माझं बोलणं मागे घेतो."

मोठे सर मात्र इतक्यात मानणारे नव्हते, आणि ते मला आवडलं. आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो. खोलीत पुस्तकं जमिनीपासून छतापर्यंत, बसायला जागा करायची तर चार ग्रंथ उचलावे लागत. त्यांनी सगळे कागद वाचले, चष्मा काढला.

"नमुने स्वच्छ आहेत. ते मी मानतो. पण समज, तुझे हे किडे वेगवेगळ्या दिशांनी, वेगवेगळ्या रानांतून नंतर टोपीवर आले असतील तर?"

"तर त्यांचे चुलत भाऊ त्या रानांत सापडायला हवेत, सर. मी शोधले. कुठेच नाहीत."

"तुला सापडले नाहीत. नाहीत असं नाही."

बेबीने लिहून घ्यायला पेन काढलं. "बरोबर आहे. मग तुमचं समाधान कशाने होईल?"

"चिखलाने," सर म्हणाले. "टोपीवर दलदल आहे ना? तिच्या तळाशी हिमयुगातला गाळ असेल. त्यात झाडांचे परागकण आहेत की नुसते गवताचे, ते काढ. तेव्हा बोलू."

पुढच्या महिन्यात रानांचा अभ्यास करणाऱ्या लोकांची सभा होती. बेबी तिथे उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "टोपीचा गाळ अजून कुणी काढलेला नाही. मी आत्ताच सांगून ठेवते. सगळ्यात थंड काळातल्या थरातही झाडांचे परागकण निघतील. एकही थर नुसत्या गवताचा निघाला तर माझं चुकलं."

घरी आल्यावर मी म्हणाले, "अगं, आधीच कशाला बोललीस? नाही निघालं तर?"

"तर चुकले म्हणायचं. त्याच हॉलमध्ये, त्याच माइकवर." मग म्हणाली, "नंतर बोलायला काय लागतं, वहिनी? निकाल लागल्यावर सगळेच हुशार."

गाळ काढायला परागकण ओळखणाऱ्या एक बाई आल्या, आमच्या लेखी परागवाल्या बाई. उंच, दणकट, गुडघ्यापर्यंत बूट, आणि काम करताना सतत गुणगुणणाऱ्या. त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं, "मी तुमच्या बाजूची नाही आणि सरांच्याही नाही. चिखल सांगेल ते मी सांगणार." बेबी म्हणाली, "म्हणूनच तुम्हाला बोलावलं." दलदलीत फळ्या टाकून त्यांच्या माणसांनी एक पोकळ नळी खाली दाबली, आणखी दाबली, आणि ओढून काढली तेव्हा आतून काळा, मग तपकिरी, मग राखाडी चिखल पट्ट्यापट्ट्यांनी बाहेर आला. बंद तळघर उघडल्यासारखा वास. बाईंनी तो लांबच लांब चिखल तान्ह्या मुलासारखा गुंडाळला आणि घेऊन गेल्या.

मग वाट पाहणं. बेबीने त्या काळात घरातली सगळी दारं रंगवली. रंगवायची नव्हती तीही. सासूबाई म्हणाल्या, "हिचा चिखल लवकर तपासा म्हणावं, नाहीतर ही मलाही रंगवेल."

एका दुपारी बाईंचा निरोप आला, "या, बघायला." फोनवर काही सांगितलं नाही.

बाईंनी तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. "हा सगळ्यात थंड काळातला थर. गाळातल्या कोळशाच्या कणांवरून वय काढलंय. आधी तुम्हीच बघा."

बेबीने डोळा लावला. मी तिच्या पाठीमागे उभी होते, मला फक्त तिची मान दिसत होती. ती मान बराच वेळ हलली नाही.

"ती गुळगुळीत, एका भोकाची दिसतायत ना, ती गवताची," बाई म्हणाल्या. "खूप आहेत. गवत वाढलं होतं यात शंका नाही. आणि त्यांच्यामधे जे नक्षीदार आहेत..."

"झाडं," बेबी म्हणाली.

"झाडं. ओल्या रानातली. कमी झाली, घळींमध्ये दबून बसली असतील, पण तुटली नाहीत. एकाही थरात नाही. मी दोनदा मोजलं, मग माझ्या सहकाऱ्याकडून मोजून घेतलं."

बेबीने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाली, "याच्या वरचा थर दाखवा." तो झाल्यावर खालचा. मग त्याच्याही खालचा. आम्ही चहा मागवला, तो गार झाला, दुसरा मागवला. ती प्रत्येक काच पाहिल्याशिवाय उठली नाही. उठली तेव्हा तिने परागवाल्या बाईंना मिठी मारली. बेबी कुणाला मिठी मारते, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. बाई तिच्यापेक्षा वीतभर उंच, त्यामुळे ते दृश्य जरा विचित्रच होतं.

पुढच्या सभेला मी माझी सगळी शिवण बाजूला ठेवून गेले. सासूबाईही हट्टाने आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. आधी बाईंनी चिखल मांडला, मग बेबीने किडे. तिच्या पहिल्या चित्रात माझ्या पिशव्या दोरीवर वाळत घातलेल्या होत्या, निळी, तपकिरी, हिरवी, पांढरी. लोक हसले. मग ती बोलत गेली तसे हसायचे थांबले. मला अर्ध्या गोष्टी कळत नव्हत्या, पण माणसं पाठ टेकून बसलेली पुढे सरकून बसली, ते कळत होतं.

मोठे सर काठी टेकत उभे राहिले.

"टोपीएवढ्या लहान डोंगरावर ओल टिकली कशी?" त्यांनी विचारलं.

"धुक्यामुळे, सर. पाऊस आटला तरी त्या घळींमध्ये धुकं अडकतं. आजही अडकतं. आणि तसं असेल तर टोपी एकटी नसणार. असे आणखी डोंगर असतील. आपण मोठ्या रानांतच शोधत राहिलो."

सरांनी मान डोलवली, बराच वेळ. "मग माझं पुस्तक दुरुस्त करावं लागणार. या वयात नवं काम मिळालं, बरंच झालं." आणि मग सभेकडे वळून म्हणाले, "हिने हे सगळं आधी सांगितलं होतं, याच जागी उभं राहून. ते लक्षात ठेवा."

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. सासूबाईंनी शेजारच्या अनोळखी प्राध्यापकांचा हात धरला आणि सांगितलं, "माझी मुलगी आहे. सोंडे शोधते."

त्यानंतर आमच्या घरी फोनांचा रतीब लागला. कुणी दुसऱ्या डोंगरावर वाळवी तपासणार होतं, कुणी काडीकिडे. पिशव्या कुठे मिळतात म्हणून मलाही विचारायला लागले. दोन वर्षांत आणखी तीन छोटी रानं जुनी निघाली, आणि त्यातलं एक तर असं, की लोक तिथे सहलीला जाऊन पत्ते खेळत.

पण मला आठवतो तो त्या सभेचा दिवस. संध्याकाळ व्हायला आली होती. आम्ही तिघी बस थांब्यावर उभ्या होतो. सासूबाई पायातल्या चपला काढून बाकावर बसल्या होत्या. बेबी स्वतःबद्दल कधी बोलत नसे. ती रस्त्याकडे बघत होती आणि मधेच म्हणाली,

"वहिनी, मी बरोबर होते."

"हो, होतीस."

एक बस आली, ती आमची नव्हती.

"चांगलीच बरोबर होते," ती म्हणाली.

"हो गं बाई, चांगलीच."

मग ती मोकळेपणाने, पोट धरून हसायला लागली, आणि थांब्यावरची सगळी माणसं वळून आमच्याकडे बघायला लागली.